पाडव्याची सुटी

त्या वर्षी पाडवा सोमवारी आला, त्यामुळे रविवारला जोडून कचेरीला दोन दिवस सुटी मिळाली. इंदरगंजातल्या कचेरीत शनिवारी दुपारपासूनच कुणाचा हात कामावर चालेना. जो तो सुटी कशी घालवायची याच्या गप्पांत.

"सोमवारी तिघरा!" रमाकांत लक्ष्मीकांतच्या टेबलाला रेलून म्हणाला. "धरणाच्या काठावर बाटी, चूरमा, भरीत. साहेबांचा बेत आहे. आणि तुम्हें नाम लेकर बुलाया है, समजलास?"

"नाव घेऊन?"

"और क्या! म्हणाले, त्या सुरेख अक्षरवाल्याला नक्की आणा. हेडक्लार्कची जागा रिकामी आहे हे तुला ठाऊक, मला ठाऊक. मग नखरे कशाला करतोस? गुमान चल."

साहेब म्हणजे जयसिंहराव. घराणं शिपाईगिरी करत दख्खनेतून आलेलं; आता साहेबांच्या हाताखाली हे खातं होतं. ते कारकुनांना सहसा घरी बोलावत नसत. लक्ष्मीकांतने तिथल्या तिथे होकार दिला, आणि घरी परतताना पाटणकर बाजाराच्या तोंडाशी आल्यावर त्याला अण्णांची आठवण झाली.

अण्णा म्हणजे त्याचे वडील, गोपाळकृष्ण जोशीबुवा. पाडव्याच्या सकाळी यजमानांच्या घरोघर जाऊन नव्या वर्षाचं पंचांग वाचून दाखवायचं, वर्षाचा राजा कोण, पाऊस किती, कुणाच्या राशीला काय लाभ आणि काय खर्च हे सांगायचं, हा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धंदा. शाळेत असताना लक्ष्मीकांतला त्यावरून 'पंचांग्या' म्हणत. खांद्यावर झोळी घेतलेल्या अण्णांच्या मागून चालताना वर्गातला कुणी दिसला, की तो एखाद्या दुकानाच्या फळीआड सरकायचा. कचेरीत लागल्यावर त्याने वडिलांविषयी एवढंच सांगितलं होतं की ते संस्कृतचे पंडित आहेत. ते काही खोटं नव्हतं.

घरी अण्णा ओसरीवर नवं पंचांग घेऊन बसले होते. पान नाकाशी नेत, मग हात लांब करून धरत, पुन्हा नाकाशी नेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता.

"कांता, यंदा तू वाच," ते म्हणाले. "मी शेजारी बसतो. संकल्प, श्लोक सगळं मी म्हणेन. तेवढे पाठ आहेत. पण दर साली बदलतं ते काय पाठ करणार? लोक वर्षातून एकदा ऐकायला बसतात. त्यांच्यापुढे अडखळलेलं बरं दिसत नाही."

"अण्णा, सोमवारी साहेबांनी बोलावलंय."

"पाडव्याला?"

"काम निघालंय. माझ्यावाचून अडतं त्यांचं."

पहिलं वाक्य खरं होतं, म्हणून दुसरं तोंडातून सहज गेलं. अण्णांनी पंचांग मिटलं. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती. उलट, सणाच्या दिवशीही ज्याच्यावाचून अडतं असा मुलगा आपल्या पोटी आला, याचं समाधानच दिसलं.

"मग जायलाच हवं. नोकरी आहे. मी करतो कसंबसं."

आत स्वयंपाकघरात वनमाला, त्याची बायको, पुरणाची डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"अहो, कचेरी तिघऱ्याला केव्हा हलली म्हणे? रमाकांतभावजींच्या घरच्या देवळात भेटल्या होत्या. त्यांच्याकडे चूरम्याचीच चर्चा चाललीये."

"तुला यातलं काही कळत नाही."

"नाही कळत. मामंजींना डोळ्यांनी दिसत नाही, एवढंच कळतं."

सोमवारी सकाळी गुढी उभी राहिली. सगळ्यांनी कडुनिंबाची पानं चावली. लक्ष्मीकांतने नवा कोट चढवला तेव्हा अण्णा उपरणं खांद्यावर टाकून निघण्याच्या तयारीत होते. "कोट घातलास ते बरं केलंस," ते म्हणाले. "साहेबापुढे माणूस नीटनेटका हवा."

जयसिंहरावांनी जयेंद्रगंजात नुकतंच घर बदललं होतं. लक्ष्मीकांत पोचला तेव्हा दारात टांगे उभे होते आणि हंडे, सतरंज्या चढवणं चाललं होतं. कचेरीतली चार-पाच माणसं दिवाणखान्यात बसली होती.

"जरा दम धरा, मंडळी," जयसिंहराव म्हणाले. "आईसाहेबांचा हुकूम आहे. पंचांग ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. नवं घर, तेव्हा जोशीही नवे. इथल्याच कुणीतरी सुचवलेत. येतीलच."

लक्ष्मीकांतने दाराकडे पाहिलं. पण लष्कर भागात पंचांग वाचणारे अण्णा काही एकटे नव्हते. अण्णांची घरं त्याला माहीत होती, त्यांत हे नव्हतं. तो स्वतःची अशी समजूत घालत असतानाच बाहेर पायऱ्यांवर कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं त्याने जन्मल्यापासून रोज पहाटे ऐकलं होतं.

तो उठून मागच्या खांबाजवळ, रमाकांतच्या पाठीआड जाऊन बसला.

अण्णा चौकट चाचपत आत आले. कुणीतरी त्यांना पाटावर बसवलं. डावीकडच्या दारावर बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा सोडला होता. त्याच्यामागे विजयाबाई, म्हणजे साहेबांच्या आईसाहेब, बसल्या होत्या. अण्णांनी संकल्प म्हटला, श्लोक म्हटले. आवाज खणखणीत होता, आणि लक्ष्मीकांतला वाटलं, निभेल. मग अण्णांनी पंचांग उघडलं.

"वर्षाचा राजा..." त्यांनी पान नाकाशी नेलं. "राजा... चंद्र. मंत्री..." पान लांब गेलं, जवळ आलं. बोट ओळीवरून घसरलं.

"जोशीबुवा, चष्मा घरी राहिला का?" चिकामागून विचारणा झाली.

"चष्म्यानं आता भागत नाही, आईसाहेब. मुलगा वाचणार होता. पण त्याला आज कामावर बोलावलंय."

"अगंबाई, पाडव्याला?"

"त्याच्या साहेबांचं अडतं म्हणे त्याच्यावाचून."

बसलेली मंडळी हसली. जयसिंहरावांनाही हसू आलं. "असा कोण साहेब आहे हो, बुवा? आज तर आमचा शिपाईसुद्धा घरी पुरण खातोय."

"नाव नाही विचारलं मी," अण्णा म्हणाले. "पण माणसाची कदर करणारा असावा."

"बाप रे, असा साहेब आपल्या नशिबी न येवो!" रमाकांत हळूच म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. त्या हशात लक्ष्मीकांतही हसला. आपण हसतो आहोत हे त्याला स्वतःचा आवाज ऐकल्यावर कळलं.

"तर मग असं करू." जयसिंहरावांनी मान उंचावून मागे पाहिलं आणि बोटाने खूण केली. "तुम्ही या पुढे. तुमच्या घरात संस्कृत आहे ना? वाचा तुम्ही. बुवा अर्थ सांगतील."

लक्ष्मीकांतने नुसती नकारार्थी मान हलवली.

"अरे जा ना यार," रमाकांतने त्याला पुढे ढकललं. "बाटी उद्या खायची आहे का?"

अण्णा पाटावरून बाजूला सरकले. ज्या बाजूने माणूस येत होता तिकडे त्यांनी अदमासाने मान वळवली. "या साहेब, बसा असे. फार उपकार झाले."

लक्ष्मीकांत बसला. गुडघ्याला गुडघा लागत होता. अण्णांनी पंचांग त्याच्या हातात दिलं आणि सवयीने ओळीखाली बोट ठेवलं. वाचायला तोंड उघडेपर्यंत अण्णांना काही कळणार नव्हतं. उघडल्यावर कळायचं राहणार नव्हतं. चारी बाजूंनी माणसं वाट पाहत होती.

"ईश्वरनाम संवत्सर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "राजा चंद्र..."

ओळीखालचं बोट थांबलं. अण्णांनी तोंड त्याच्याकडे वळवलं, फार जवळून, जसं ते पंचांगाचं पान बघत तसं. मग त्यांनी तोंड पुन्हा समोर केलं आणि बोट काढून घेतलं.

"राजा चंद्र, म्हणजे पाणी बरं," ते मंडळींना म्हणाले. "पुढे वाचावं, साहेब."

पुढचं वाचन अगदी नीट झालं. कुठे थांबायचं हे लक्ष्मीकांतला सांगावं लागत नव्हतं, आणि तो थांबला की त्याच श्वासात अण्णा अर्थ उचलत होते. लहानपणी घरात हे त्याने इतक्यांदा ऐकलं होतं. "वा, जोडी काय जमलीये!" विजयाबाई चिकामागून म्हणाल्या. त्या कौतुकाने लक्ष्मीकांतचे कान तापले.

शेवटी राशी आल्या. रिवाजाप्रमाणे अण्णा एकेकाला रास विचारत, लक्ष्मीकांत त्या राशीचा लाभ-खर्च वाचत असे आणि अण्णा दोन शब्द सांगत. जयसिंहराव झाले, आईसाहेब झाल्या, रमाकांत झाला. मग अण्णा शेजारी वळले.

"आपली रास कोणती, साहेब?"

लक्ष्मीकांतची जन्मपत्रिका अण्णांनी स्वतःच्या हाताने मांडली होती. विचारण्यात कुठे टोमणा नव्हता, राग नव्हता. मुलगा जिथे लपला होता तिथे त्याला त्यांनी लपू दिलं होतं, आणि वरून पांघरूणही घातलं होतं. बोलायचं तर आता, एवढं त्याला स्पष्ट कळत होतं. समोर जयसिंहराव घड्याळ काढून पाहत होते.

"कर्क," तो म्हणाला.

"कर्क. वाचावं."

त्याने वाचलं. लाभ थोडा होता, खर्च पुष्कळ.

"यंदा जपून असावं," अण्णा म्हणाले. रमाकांतलाही त्यांनी याच आवाजात सांगितलं होतं.

नारळ-दक्षिणा झाली. अण्णा उठले आणि पायऱ्यांवर जोडे शोधू लागले. लक्ष्मीकांत पाटाजवळच उभा राहिला. तेवढ्यात रमाकांत पुढे झाला, वाकला आणि त्याने जोडे म्हाताऱ्याच्या पायांशी सरळ करून ठेवले. "सुखी राहा, बाळा," अण्णा म्हणाले.

टांगे भरत होते तेव्हा 'आलोच' म्हणून लक्ष्मीकांत सटकला. त्याने अण्णांना कोपऱ्यावर गाठलं.

"अण्णा, उरलेल्या घरांना मी येतो. मी वाचतो."

"नको," अण्णा चालत राहिले. "कृष्णरावांकडे सांगून झालंय, कान्होजींकडे सांगून झालंय की मुलगा कामावर गेलाय. मंदाताईंना तर कालच निरोप दिला. आता तू बरोबर दिसलास, तर मी सणासुदीला घरोघर खोटं सांगत फिरलो असं होईल."

"मी सांगेन त्यांना."

"काय सांगशील?"

अण्णांनी थोडी वाट पाहिली. "जा आता. माणसं खोळंबली असतील. आणि बाटी बेतानं खा. तुला जड जाते."

ते वळणापलीकडे गेले. लक्ष्मीकांत उन्हात उभा राहिला, मग परत फिरला.

जयसिंहरावांचा एक पाय टांग्याच्या पायरीवर होता. "होता कुठे तुम्ही? सगळे थांबलेत."

"साहेब, ते जोशीबुवा... माझे वडील आहेत."

"कोण, मघाचे? अरे!" जयसिंहराव मोकळेपणी हसले. "मग त्यात सांगायला लाजता काय? आमचे आजोबा पागेत घोड्यांना खरारा करायचे. चांगले विद्वान आहेत की तुमचे..."

बोलता बोलता ते थांबले. मघाचं बोलणं आठवत असावेत. हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग तोंडावरून.

"ते तुम्हाला साहेब म्हणत होते."

"हो."

"आणि तो ज्याचं अडतं, तो साहेब म्हणजे मी?"

"हो."

झोळीची गोष्ट कळल्यावर ही माणसं आपल्याकडे कशी बघतील, हे लक्ष्मीकांतने किती वर्षं मनात रंगवलं होतं. तसं कुणीच बघितलं नाही. झोळीचं कुणाला काही नव्हतं. रमाकांत मघाशी जोडे उचललेल्या आपल्या तळहातांकडे पाहत होता. बाकीचे टांग्यातल्या हंड्यांकडे.

"चला, ऊन चढतंय," जयसिंहराव टांगेवाल्याला म्हणाले. लक्ष्मीकांतला कुणी चल म्हणालं नाही, येऊ नको असंही म्हणालं नाही. पुढच्या टांग्यात एक जागा रिकामी होती, ती तशीच घेऊन टांगे गेले.

तो पाटणकर बाजाराच्या रस्त्याने चालत मंदाताईंच्या घरी आला. मंदाताई अण्णांच्या जुन्या यजमानीण, लहानपणी त्याला मांडीवर घेतलेल्या. दार उघडं होतं. आतून अण्णांचा श्लोकांचा आवाज येत होता, खणखणीत. मग तो संपला आणि पान उलटल्याचा आवाज आला. "राजा... चंद्र," अण्णा म्हणाले, आणि थांबले. लक्ष्मीकांत ओट्यावर उभा होता. आत जावं तर अण्णांचा शब्द खोटा पडत होता. बाहेर राहावं तर आत ते अडले होते.

मंदाताईंना सावली दिसली असावी. त्या दाराशी आल्या. "कोण ते? अरे, कांता! तू तर कामावर गेलायस ना?"

"नाही, मंदाताई." आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो म्हणाला, "काम नव्हतंच. मी अण्णांना खोटं सांगितलं. त्यांना ठाऊक नव्हतं."

मंदाताईंनी त्याच्या नव्या कोटाकडे पाहिलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आता त्या लहानपणीसारखं हसतील असं त्याला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"जोडे बाहेर काढ," एवढंच म्हणून त्या दारातून बाजूला झाल्या.

तो आत जाऊन बसला. घरातल्या सुना-लेकी डोळे खाली घालून बसल्या होत्या. अण्णांनी पंचांग त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"इथून वाच," ते म्हणाले.

ओळ समोर होती. ती त्याने आज एकदा वाचलेलीही होती. पण गळ्यातून आवाज फुटेना. कुणीतरी पाण्याचं भांडं आणून त्याच्याजवळ ठेवलं, आणि सगळे वाट पाहत राहिले.