लान्चियाचं कपाळ

गुंडप्पा मिस्त्रीनं आयुष्यात देवाला फार त्रास दिला नाही. त्याचा विश्वास पान्यावर. औसा रोडवरच्या त्याच्या गॅरेजातून निम्म्या लातूरच्या जीपा बऱ्या होऊन गेल्या, पण जीव अडकला होता तो एकाच गाडीत. उमाक्कांची लाल लान्चिया! दोन सीटांची, उघडी, इटलीत घडलेली. अशा गाड्या अख्ख्या देशात बोटावर मोजण्याइतक्या.

उमाक्कांचे यजमान चन्नबसप्पा यांनी ती बासष्ट साली हैदराबादच्या एका नवाबाकडून घेतली. गंजगोलाईत डाळ विकणाऱ्या माणसाला बिनटपाची गाडी कशाला, हे त्यांच्या वडलांना मरेपर्यंत उमगलं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे चन्नबसप्पा गोदामात, गाडीच्या कडेला बाज टाकून निजले होते. दगडी भिंत आली ती थेट बॉनेटवर. बॉनेट चेपलं, पण भिंत तिथंच अडली आणि बाजेवरचा माणूस धुळीत माखून शिव्या देत उठला.

त्या खंडेनवमीला, हत्यारं-वाहनं पुजायच्या दिवशी, उमाक्कांनी लान्चियापुढं ताट मांडलं. चेपलेलं बॉनेट गुंडप्पानं काढून नेलं होतं, त्यामुळं इंजिनामागचा उभा पत्रा उघडा पडलेला. अक्कांनी त्यालाच गाडीचं कपाळ मानलं, एरंडेल चोळलं आणि विभूतीचे तीन पट्टे ओढले.

"माझ्या मालकाचं कपाळ हिनं राखलं," त्या म्हणाल्या. "हिचं मी कोरडं ठेवायची न्हाई. आन गुंडप्पा, ह्या जागंला लोखंड लावायचं न्हाई, सांगून ठेवते."

पुढं त्यांच्या मुलानं, वीरेशनं, गोदामाच्या जागी तीन मजले चढवले आणि क्लासवाल्यांना भाड्यानं दिले. गाडी तळमजल्यावर राहिली. लातुरात तेव्हा गावोगावची पोरं शिकायला लोटत होती. जळकोटच्या मृण्मयी नावाच्या पोरीनं परीक्षेला जाताना अक्कांचं बघून गाडीच्या कपाळाला तेलाचं बोट लावलं आणि ती मेडिकलला लागली. मग काय विचारता! दर परीक्षेला गाडीपुढं रांग. कुणी खोबरेल, कुणी विभूती, कुणी बेलाचं पान.

गुंडप्पा खवळायचा. "गाडीला तेल पाजून पास होता आलं असतं, तर मी कलेक्टर न्हवतो का झालो?"

पोरं हसायची आणि वर आणखी एक बोट लावायची.

चन्नबसप्पा पिकल्या वयात, समाधानानं गेले. जाताना एवढंच म्हणाले, "हिला एकदा रस्त्यावर आण." गुंडप्पानं शब्द दिला आणि स्वतःला गाडून घेतलं. बॉनेट हातानं ठोकून सरळ केलं. पिस्टनसाठी अक्कांच्या नातीकडून, अक्षराकडून, इटलीला पत्रं लिहवून घेतली. भूकंपाला वीस वर्षं झाली तोवर गाडी नवरीसारखी सजली. फक्त कपाळावरचं वीतभर, बोटभर जाडीचं, तेल-विभूतीचं वाळलेलं काळं खापर तेवढं त्यानं कुरकुरत सोडलं आणि त्याच्या भोवतीनं रंग मारला.

त्या साली हैदराबादहून निघालेली जुन्या गाड्यांची फेरी नांदेडला मुक्कामी येणार होती. तिच्यात लान्चियाला घ्यायचं का, हे ठरवायला एक साहेब आले, तेही नेमके खंडेनवमीला. सगळं बघून खूश झाले. मग बॉनेट उचलून त्यांनी विचारलं, "कारखान्यानं ठोकलेला नंबर कुठाय?"

"नंबरपट्टी भूकंपात गेली साहेब," गुंडप्पा म्हणाला. " दुसरीकडं लई धुंडलो, घावला न्हाई."

"तो पट्टीवर नाही, ह्या पत्र्यावरच असतो." साहेबांनी खापरावर बोट ठेवलं. "खरवडा. नंबर नसेल तर गाडी अस्सल की जोडून केलेली, मी कसं सांगू?"

गुंडप्पानं मनात हिशेब केला. वीस वर्षांची मेहनत जोडकाम ठरणार, मालकाला दिलेला शब्दही हुकणार. त्यानं पटाशी उचलली. समोर अक्का ताट घेऊन उभ्या होत्या. त्यानं पटाशी खाली ठेवली.

"ऱ्हाऊ द्या साहेब. अक्कांचा शब्द हाय." त्याला रडू आलं आणि ते त्यानं घामात खपवलं.

"का म्हणून ऱ्हाऊ द्या?" उमाक्का कडाडल्या. "लोखंड नको म्हणले मी. न्हाऊ घालू नको असं कुठं म्हणले? अक्षरा, बंबातलं कढत पाणी आण. शिकेकाई आण."

सत्तर ओलांडलेल्या अक्कांनी पदर खोचला आणि लेकराचं डोकं चोळावं तसं ते कपाळ चोळायला घेतलं. काळं पाणी वाहिलं, मग करडं, मग पांढरं. खापर सुटलं. खाली एकेक आकडा उमटू लागला. गंजाचा ठिपकासुद्धा नाही. कालच ठोकल्यासारखे लखलखीत.

साहेब चष्मा पुसून पुन्हा वाकले. "बाकीच्यांचे नंबर गंज खाऊन टाकतो," ते म्हणाले. "इतका स्वच्छ मी बघितलेला नाही. कुणी राखलाय हा?"

तेवढ्यात गुंडप्पानं आत बसून किल्ली फिरवली. लान्चिया अशी गरजली की तिन्ही मजल्यांवरची गणितं थांबली आणि पोरं धडाधड जिना उतरून आली. अक्का गाडीत बसल्यासुद्धा. "चल नांदेडला," त्या म्हणाल्या.

गुंडप्पा मात्र उतरला. उघड्या कपाळाकडं बघत क्षणभर घुटमळला. मग पोरांच्या घोळक्यापुढं त्यानं तळहात पसरला.

"तेल हाय का रं कुणाकडं?"