दिलेलं वाण

शेजारच्या रत्नावहिनींच्या देवघरातून पुस्तक उचलताना कोकिळेने आधी त्याला हात जोडले, आणि मग त्या जोडलेल्या हातांचीच तिला लाज वाटली. पुस्तक तिचंच होतं, तिनेच लिहिलेलं. बाळकृष्णाच्या शेजारी लाल कापडाच्या घडीवर ते ठेवलं होतं. मुखपृष्ठावर हळदी-कुंकवाची बोटं उमटली होती, आणि कालचं जास्वंद सुकून तिच्या नावावर चिकटलं होतं.

“वाचलंत का वहिनी?” तिने विचारलं. विचारायला नको होतं.

“नाही ना अजून,” रत्नावहिनी ओशाळल्या. “सोवळ्यात वाचावं लागेल ना ते? सकाळी डब्यांच्या घाईत कुठलं सोवळं? पण फूल रोज वाहते हं. एक दिवस चुकले नाही.”

त्या पुस्तकात देव कुठेच नव्हता. गोष्टी होत्या, घरातल्या, ओट्यावरच्या, धुण्याच्या दगडावरच्या बायांच्या. कोकिळेने ते सांगितलं नाही. छपाईत चुका राहिल्यात, दुरुस्त करून आणून देते, एवढंच ती म्हणाली. गेल्या काही दिवसांत हे वाक्य तिच्या जिभेवर जपासारखं बसलं होतं, आणि जपासारखंच ते आता विचार न करता बाहेर पडत होतं.

रत्नावहिनींनी पुस्तकाला शेवटचा नमस्कार केला आणि ते तिच्या पिशवीत अलगद ठेवलं.

दीडेक वर्षापूर्वी तिने हस्तलिखित पुण्याच्या एका प्रकाशनाला पाठवलं होतं. मिळालं म्हणून दोन ओळी आल्या, त्यानंतर काहीच नाही. नवल, तिचा नवरा, जेवताना हसायचा. तुझी पोथी पुण्यात समाधीला बसली वाटतं, म्हणायचा. इथल्या कुंदनच्या प्रेसमध्ये टाकून दे, लग्नपत्रिकांच्या गर्दीत तीही निघेल. कोकिळा मान हलवायची. आपलं पुस्तक आपणच छापायचं म्हणजे आपल्या लग्नात आपणच मंगलाष्टकं म्हणायची, असं तिला वाटायचं. चार लोकांनी म्हटलं तर शोभतं.

मग अधिक महिना आला. अधिकाचं वाण तेहेतिसाचं, तेहेतीस सुवासिनींना. अनारसे द्यायचे ते ती देणारच होती. त्याबरोबर प्रत्येक ताटात एकेक पुस्तक ठेवावं, असं पूजेला बसली असताना तिच्या मनात आलं, आणि पूजेत आलं म्हणून तिने ते देवाचं मानलं. कुंदनने तेवढ्याच प्रती काढून दिल्या. बाया म्हणाल्या, किती छान सुचलं गं तुला. विकत घ्या म्हटलं नाही, समारंभ केला नाही, मिरवलं नाही. वाणाला कोण नावं ठेवणार? पण रात्री निरांजन शांत करताना तिला कळून चुकलं होतं की देवाच्या ताटात आपण आपली हौस वाढून घेतली.

आणि देवाने बहुधा तेव्हाच ठरवलं. महिना उलटतो न उलटतो तोच पुण्याहून फोन आला. कोकिळा तुळशीला पाणी घालत होती. संपादक हेमांगी गोड आवाजात बोलली. गोष्टी फार आवडल्या, उशीर झाला त्याबद्दल माफ करा, दिवाळीनंतर आणू या. करारात एक अट असते, ती आधीच विचारते, असं म्हणून तिने विचारलं, “हे आधी कुठे छापलेलं नाही ना? खासगी, घरगुतीसुद्धा?”

हातात तांब्या होता. समोर तुळस होती.

“नाही,” कोकिळा म्हणाली.

त्या दिवशी तिने जेवणही टाकलं, उपासाचा वार नसताना. नवलने काय झालं विचारलं तर डोकं दुखतं म्हणाली. हे दुसरं खोटं. पहिलं खरं करायचं तर एकच वाट होती. सगळी पुस्तकं गोळा करायची. वाण दिल्यावर परत मागायचं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. दिलेलं वाण परत घेणाऱ्या बाईचं काय होतं, ते कुठल्याच कहाणीत सांगितलेलं नाही. एवढी निर्लज्ज बाई कहाणी रचणाऱ्यांनाही सुचली नसावी.

पण बायांनी पुस्तकं भराभर दिली. कुणी कपाटातून काढून दिलं, कुणी माळ्यावरून. गल्लीतल्या लोटनभाऊंच्या बायकोने ते पुढे आपल्या नणंदेला वाण म्हणून देऊन टाकलं होतं. त्यासाठी कोकिळेला चाळीसगावला जावं लागलं, आणि नणंदबाईंनी वर तिलाच चहा पाजून ओटी भरली. एकीनेही त्यातली गोष्ट काढली नाही. परत मिळताहेत याचं सुख मानावं की कुणी उघडलंच नाही याचं दुःख, हे तिला ठरवता येईना. मागायची लाज होतीच. त्या लाजेच्या खाली ही दुसरी होती, जास्त बोचणारी.

आता फक्त नरडाण्याचं राहिलं होतं.

ते ताईबाई फुईकडे होतं, तिच्या वडिलांच्या बहिणीकडे. वाणाच्या दिवशी एक सुवासीण ऐनवेळी आली नव्हती. फुई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला आलेली, हिरवी पट्टी बांधून मागच्या खोलीत बसलेली. फुवा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली होती; अशा दिवशी ती आपली आपणच मागच्या खोलीत बसायची. ताट उरलं म्हणून कोकिळेने ते उचलून तिच्या मांडीवर ठेवलं, तिलाही बरं वाटेल म्हणून. कुंकू लावलं नाही. घाईत होती.

सुरत लाइनच्या गाडीने ती नरडाण्याला उतरली तेव्हा दुपार कलली होती. फुई ओट्यावरच होती, डोळ्यांवर हात धरून वाटेकडे बघत.

“ये माय, बठ,” ती म्हणाली. “माले माहीत व्हतं तू येशी. रत्नाना फोन उना व्हता.”

कोकिळेने आणलेली केळी पुढे केली. जपाचं वाक्य तिच्या ओठावर आलं होतं. पण फुई उठून आत गेली, भिंतीला धरत, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधलेली चौकोनी वस्तू होती.

“लई जा,” ती म्हणाली. “तुले कोनी तरी बोलनं व्हई. बोलतीलच. मनासारखी बिगर कुंकवानी बाईले वाण कोन देस?”

कोकिळेने ते फडकं हातात घेतलं.

“तुना फुवा ग्या तव्हपासून माले कोनी वाण दिधं नही. तू दिधं आन् मी लिधं. मी लोभी. तव्हाच नको म्हनाले पाह्यजे व्हतं.” फुई खाली बघत होती, नव्या डोळ्याला ऊन सोसवत नसावं. “तुनं व्रत मोडनं मना पायी. बठ्ठासकडनं परत लेवानी पाळी उनी तुनावर.”

कोकिळा उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. फुई, तसं नाही, एवढंच तिला म्हणता आलं. खरं कारण सांगायला तिने तोंड उघडलं आणि ते तिला फार लहान वाटलं, फार दूरचं. पुणं, करार, दिवाळीनंतर. फुईने गाठ मारलेलं फडकं तिच्या मांडीवर होतं. त्या दिवशी फुईच्या मांडीवर तिने ताट ठेवलं होतं, तसंच.

तिने गाठ सोडली. पुस्तकाचे कोपरे मऊ पडले होते. पानं वापराने जराशी फुगली होती, आणि अर्ध्याच्या पुढे एक वात घालून ठेवली होती, निरांजनाची, कोरी.

“कोण वाचतं?” तिने विचारलं.

सुनंदा वाचायची, फुईची सून. कारखान्यातून आली की पाय धुऊन, दिवा लावून, रोज एक पान. फुई कहाणीला धरतात तसे हातात दाणे धरून ऐकायची. पहिल्या दिवशी सुनंदा म्हणाली होती की यात देव नाही, आत्या. फुईने तिला सांगितलं, देव नही ते ऱ्हाऊ दे, बाया ते शेतस ना. सुनंदा दोन दिवस माहेरी गेली होती, म्हणून नेम अडला होता. हे सांगताना फुईचा चेहरा जरा खुलला, आणि पुस्तक आता जायचं आहे हे आठवून पुन्हा मिटला.

“मी वाचू?” कोकिळेने विचारलं.

फुईने तिच्याकडे पाहिलं. मग सूप ओढलं, ज्वारीचे चार दाणे मुठीत घेतले आणि पदर डोक्यावर सारखा केला.

कोकिळेने आपलं लिहिलेलं आजवर कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. गोष्ट होती घर सोडून गेलेल्या बाईची; ती संध्याकाळी परत येते, तर ती गेली होती हेच कुणाला कळलेलं नसतं. फुई दर वाक्याला हुंकार देत होती. बाई दाराशी आली तेव्हा हुंकार थांबला. पान संपलं, वाक्य मधेच तुटलं. कोकिळेने पान उलटायला बोट ओलं केलं.

“बस,” फुई म्हणाली. “एकच पान. नेम शे.”

“वाक्य अर्धं राहिलं, फुई.”

“ऱ्हाऊ दे. सकाय व्हई पुरं.” ती दाण्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “पन पुस्तक ते आते तू लई जाशी.”

“नाही,” कोकिळा म्हणाली.

हा शब्द तिने तुळशीपुढेही उच्चारला होता. तिने वात पानात ठेवली, पुस्तक फडक्यात बांधलं आणि दोन्ही हातांनी फुईच्या पदरात घातलं. मग वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ते तिथेच राहू दिलं. फुईने आशीर्वाद दिला. नेहमीचाच, अखंड सौभाग्याचा.

फुई चहा मांडायला आत गेली, तशी कोकिळा अंगणात आली आणि तिने फोन लावला.

“हेमांगीताई, मी तुमच्याशी खोटं बोलले,” ती म्हणाली. आवाज तिच्या नेहमीच्या आवाजाहून मोठा नव्हता. “पुस्तक आधी छापलंय. मीच छापलं. वाण म्हणून वाटलं.”

पलीकडून हेमांगीने विचारलं, तो गोडवा आवाजातून गेलेला होता, “किती प्रती बाहेर आहेत?”

आत स्टोव्हवर पातेलं चढल्याचा आवाज झाला. फुई कुणाशी तरी बोलत होती, की गोष्टीतल्या बाईशीच, ते कळत नव्हतं.

“एक,” कोकिळा म्हणाली. “पण ती परत येणार नाही.”