पडतानाचा चेहरा

घनश्यामनं कात्री पुढे केली.

"इथून कापायचं. पडण्याचा सगळा तुकडा काढ."

फिरत्या टॉकीजचा ऑपरेटर लालसिंग फिल्म दिव्यासमोर धरून पाहत राहिला.

"याच्यावरच तं शिट्ट्या पडते साहेब. अमरावतीले लोकायनं टोप्या उडवल्या."

"घाटंजीत नको."

लालसिंगनं खांदे उडवले, तुकडा कापला आणि उरलेली टोकं एकमेकांना चिकटवली. तंबूबाहेर बाजाराच्या मैदानात कापसाच्या गाड्या सोडून माणसं तिकिटाला उभी राहू लागली होती.

मुंबईत घनश्यामनं कितीतरी वर्षं म्हाताऱ्या बापाचीच कामं केली. तिशीतच केसांना पांढरा रंग लावून नायकाला आशीर्वाद द्यायचा आणि मध्यंतराआधी मरून जायचं. मग बासष्ट साली मारधाडीचा हा सिनेमा दिग्दर्शनासाठी हाती आला, तेव्हा घोड्यावरून पडायला त्यानं गावाकडच्या दोस्ताला, फकिराला बोलावून घेतलं. नायकाचे कपडे घालून पडायचं, तोंड दिसू द्यायचं नाही, एवढंच काम. पहिल्या खेपेला फकिरा बेतानं पडला. तेवढं चाललं असतं. घनश्यामच म्हणाला, "गड्या, अजून एकदा. जरा जोरात येऊ दे." दुसऱ्या खेपेला फेटा सुटला आणि चेहरा क्षणभर कॅमेऱ्याकडे वळला. दवाखान्यातून फकिरा परत आला नाही. चेहरा दिसतो म्हणून तो शॉट टाकून द्यायला हवा होता. घनश्यामनं ठेवला. पडणं फार खरं वाटत होतं.

संध्याकाळचा खेळ सुटला. तंबू रिकामा झाला तरी बायकांच्या बाजूला एकजण पोरीला मांडीवर घेऊन बसून होती. जवळ गेल्यावर घनश्यामनं ओळखलं. फकिराची नलू. गावात येऊन त्याला दोन दिवस झाले होते, पण तिच्या दाराकडे त्याचे पाय वळले नव्हते.

"वहिनी, तुम्ही?"

"चांगला हाय सिनेमा, भाऊजी." तिनं पदर सारखा केला. "पण ते कोठी होते? म्या तं डोया नाही मिटला."

"डुप्लिकेटचं तोंड दिसत नसते, वहिनी." बोलता बोलता त्याची बोली गावाकडे घसरली.

"शेजारच्या मारोतीभाऊनं अमरावतीले पाह्यला ना. पडतानी तोंड दिसते म्हणे त्याहीचं. घरी एक फोटो नाही. ते गेले तवा हे पोटात होती. हिले बाप दाखवाले आणली. सकायपासून विचारून राह्यली, बाप कवा येते, बाप कवा येते."

मुंबईत कापला असेल, असं म्हणता आलं असतं. याहून लांब संवाद त्यानं न अडखळता म्हटले होते. पोरीनं कागदाच्या पुडीतून मुरमुऱ्यांची मूठ काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"खाय."

त्यानं हात पुढे केला. मुरमुरे तळहातावर तसेच राहिले.

"लालसिंग," त्यानं हाक मारली, "तो तुकडा परत जोड."

मशीन घरघरलं. पडद्यावर घोडा दौडत आला, त्याचे पुढचे पाय दुमडले, फेटा सुटला.

"तो पाह्य," नलू कुजबुजली. "तो तुहा बाप."

पोरगी मान उंचावून पाहत होती. देह जमिनीवर आदळला तेव्हा नलूनं डोळे गच्च मिटले. घनश्यामनंही. दोघांनी डोळे उघडले तोवर त्याच कपड्यातला पाठमोरा नायक धुळीतून उभा राहत होता, गुडघे झटकत होता.

पोरगी मांडीवरून उतरली. तिनं टाळ्या पिटल्या.

"उठला! माय, बाप उठला!"

तुकडा संपला. लालसिंगनं मशीन थांबवून कंदील लावला. पोरगी पांढऱ्या पडद्याकडे पाहत राहिली, मग आईकडे वळली.

"मंग घरी काहून नाही आला?"

नलूनं तिच्या गालाला चिकटलेला मुरमुरा अलगद काढला.

"या काकाजीले विचार," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

पोरगी त्याच्याकडे वळली. घनश्याम तिच्यासमोर खाली मातीत बसला, तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील इतका खाली.