अठ्ठ्याण्णवचा जोर

नेकनूरला पहिला कॉम्प्युटर आला तो सुंदररावांच्या घरी, विंडोज ९८वाला. अजूनही तो सुरू व्हायचा, आणि दर दसऱ्याला ट्रॅक्टरच्या जोडीनं त्याचीही पूजा व्हायची. यंदा नात वर्षाराणीला बीडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला लॅपटॉप हवा होता. त्यावाचून तिचं शिक्षण अडणार होतं, आणि आजोबा हटून बसले होते.

"नव्यात कितीचं विंडोज हाय?"

"अकरा, आबा."

"आपल्यात अठ्ठ्यान्नव! मंग अकराचं कावून घ्यायचं?"

जन्मभर ट्रॅक्टर घेतलेला माणूस, आकडा दिसला की त्याला ट्रॅक्टरसारखा एचपी, म्हणजे जोरच वाटायचा. त्यात पाली गावच्या अजिनाथनं अकरावाला लॅपटॉप घेतल्यावर आबांनी त्याला भर पारावर हिणवलं होतं. आता माघार घेतली तर नाकच कापलं जाणार.

वर्षाराणीनं वाद घातला नाही. दसऱ्याच्या सकाळी, पूजेचं ताट शेजारी असताना, तिनं जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याची माहिती उघडली. 'विंडोज ९८'च्या खाली बारीक अक्षरांत होतं: 4.10.1998.

"हे चार कशाचे?"

"ह्योच खरा नंबर. चार पॉइंट दहा. अठ्ठ्यान्नव म्हंजी नुसतं साल, आबा. जोर न्हाई."

"चारच?"

आबांचा चेहरा इतका पडला, की वर्षाराणीला वाईटच वाटलं.

तेवढ्यात दारात अजिनाथ उभा. "सुंदरराव, दाखवा की तुमचं अठ्ठ्यान्नव!"

आबांनी झटक्यात बोट कुंकवात बुडवलं आणि पडद्यावरच्या त्या खालच्या ओळीवर टिळा ओढला. अजिनाथनं वरचं ९८ वाचलं आणि हातच जोडले.

वर्षाराणीनं सावकाश पुसायचं फडकं उचललं. "काच लई घाण झाली, आबा. पुसू का?"

"न्हाई! ऱ्हाऊ दे!"

"मंग काकांना सांगा की, तुमी मला अकरावालं घ्यायलात. आपले अठ्ठ्यान्नव अन् हे अकरा, घरात एकशेनऊ होतील."

आबांनी फडक्याकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं. मग छाती फुगवून म्हणाले, "उद्याच घेतो!"

लॅपटॉप आला. आबा पारावर एकशेनऊचा हिशोब सांगत हिंडले. अजिनाथ म्हणे बीडच्या भंगारवाल्यांकडं जुनं ९८ शोधत होता. अकराच्या पोटातही आवृत्ती अजून दहाच लिहिलेली असते, हे वर्षाराणीनं आबांना काही सांगितलं नाही. निदान कॉलेज संपेपर्यंत तरी सांगणार नव्हती.