तंतूंचं पांघरूण

अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू पाण्यात सोडले की आधी अगदी गरीब दिसतात. मग त्यात पॉलिपेप्टाइड, म्हणजे प्रथिनांच्या साखळ्यांचे तुकडे घालायचे आणि नळी हलवत ठेवायची. थोड्या वेळाने पाणी तपासावं, तर त्यात काही उरलेलंच नसतं. सगळं तंतूंनी अंगावर ओढून घेतलेलं. मग कितीही धुवा, सोडायचं नाव नाही. ना तोंड, ना पोट, तरी ताट चाटूनपुसून साफ. प्रयोगशाळेतल्या ताईंचं यात अर्धं आयुष्य गेलं होतं, पण अजूनही त्यांच्या अंगावर काटा यायचा.

आज काम घरचं होतं. त्यांचे वडील, अण्णा, जन्मभर अ‍ॅस्बेस्टॉस घातलेल्या सिमेंट पत्र्यांच्या कारखान्यात राबलेले. खोकला काही केल्या हटेना, म्हणून डॉक्टरांनी त्यांचा कफ ताईंकडे पाठवला. उघडा तंतू दिसला, तर तो हवेतून काचेवर पडलेला. पांघरूण घेतलेला दिसला, तर माणसाच्या छातीत मुक्काम करून आलेला. ताडून पाहायला शेजारी निरोगी माणसाचा नमुना लागतो. कुणाला शोधत बसा, म्हणून ताईंनी स्वतःचाच कफ ठेवला. कारखान्याचं फाटकही त्यांनी कधी ओलांडलं नव्हतं.

पहिल्याच काचेवर तो दिसला. पिवळसर, जाडावलेला, कुणी मायेनं गुंडाळून दिल्यासारखा. अण्णांसाठी ताईंचे डोळे भरून आले. ते पुसून त्यांनी काचेवरची चिठ्ठी वाचली. काच अण्णांची नव्हती.

ताई श्वासही वरवर घेऊ लागल्या, आत निजलेलं कुणी जागं होईल अशा बेतानं.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. आपलं काय, आपण पिकलं पान, जे निघेल ते निघो, असं त्यांनी धापा टाकत सांगून टाकलं. मग आवाज खाली आला.

"मी शर्ट कायम दाराबाहेर काढून ठेवायचो. धूळ घरात नाही ना गं आणली मी?"

तो शर्ट रोज संध्याकाळी कोण झटकायचं, हे अण्णांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. उन्हात तंतू चमचमायचे, आणि तो झटकता झटकता छोट्या ताई तोंड वर करून बघत राहायच्या.

"नाही अण्णा," ताई म्हणाल्या. "तुम्ही बाहेरच ठेवलीत."