कण पडला बाहेर

कारखान्यात लेथ चालवणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे वैद्य म्हणत, आणि त्याची त्याला मुळीच हरकत नव्हती. कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला की तो दवाखान्याऐवजी वैद्याच्या लेथपाशी येई. वैद्य त्याला दिव्याखाली बसवी, काडीवर पापणी उलटी करी, कापसाच्या टोकाने कण टिपी आणि "ऊठ" म्हणे. संरक्षक चष्मे भिंतीवर खिळ्याला टांगलेले होते. ते घातले की नीट दिसत नाही असं सगळ्यांचं मत होतं, आणि डोळे सांभाळायला वैद्य होताच.

मेहुण्यालाही त्याने तिथेच चिकटवलं. बायकोचा हा एकुलता भाऊ. माझ्या नजरेखाली राहील, असं त्याने बायकोला सांगितलं होतं.

एका सकाळी मेहुणा छिन्नीवर हातोडा मारत असताना कपची उडाली. डोळ्याला काहीतरी चाटून गेलं, म्हणाला. वैद्याने वरची पापणी पाहिली, खालची पाहिली, दिवा जवळ ओढला. कण कुठेच नव्हता. डोळा फारसा लाल नव्हता, दिसतही होतं स्वच्छ. तरी दवाखान्यात दाखवून येऊ का, असं मेहुण्याने विचारलं. घरच्याच माणसाने असं विचारावं, हे वैद्याला जरा लागलं.

"कण पडला बाहेर," तो म्हणाला. "जा, कामाला लाग."

आठवडा सरता सरता मेहुण्याला त्या डोळ्याने धुरकट दिसू लागलं आणि ठणका सुरू झाला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. कण आतच होता, पार मागच्या पडद्याशी. बाईंनी शांतपणे समजावलं. घासताना उडालेला कण वरच्या वर रुततो, टोचतो, माणूस बोंब मारतो. हातोड्याने उडालेली कपची मात्र बुबुळ भेदून थेट आत जाते, आणि जखम इतकी बारीक की फारसं दुखतही नाही. तेव्हा वर काही दिसलं नाही म्हणून खूश व्हायचं नसतं. त्याच दिवशी आला असतात तर डोळा वाचवता आला असता, असं त्या म्हणाल्या. वैद्य शेजारीच उभा होता.

ऑपरेशन झालं. कण निघाला, नजर गेली ती गेलीच.

बायको वॉर्डात आली, भावाची पट्टी पाहून रडली, मग पदराने तोंड पुसून उलटतपासणीला बसली. लागलं तेव्हाच का नाही दाखवलंस? सांगून टाकावं असं वैद्याला मनापासून वाटलं, पण तो मेहुण्याची उशी सारखी करू लागला.

"भावजी म्हणाले होते दवाखान्यात जा म्हणून," मेहुणा छताकडे बघत म्हणाला. "मीच आळस केला, ताई."

वैद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको त्याच्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या चेहऱ्यावर नवऱ्याबद्दल एवढा अभिमान त्याने कधी पाहिला नव्हता.

"यापुढे तरी त्यांचं ऐकत जा," ती भावाला म्हणाली. "त्यांना यातलं कळतं."

मेहुणा "बरं" म्हणाला. वैद्यानेही मान डोलावली.