प्रभारी बाईंची मुलाखत

नऊ वर्षं त्या मुख्याध्यापकाच्या खोलीत बसत होत्या, पण दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव कधी लागलं नाही. शाळेत सगळे त्यांना प्रभारी बाई म्हणत. काळ्या वर्णाच्या बाईच्या हाती शाळा कायमची सोपवायला संस्था कचरत होती. तसं तोंडावर कुणी बोललं नव्हतं, एकदा सोडून.

ते एकदाचं त्यांनी मुलाखत घ्यायला आलेल्या एका प्राध्यापिकेला सांगितलं. तीही त्याच वर्णाची, वयाने पंधरा वर्षांनी लहान. वंश, बाईपण आणि शाळेतलं नेतृत्व हा तिच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी ती तीस जणींशी बोलली होती.

"अध्यक्ष मला म्हणाले," प्रभारी बाई सांगत होत्या, "शाळा तुम्ही उत्तम सांभाळता, पण बक्षीस समारंभाच्या फोटोत मधोमध कोण उभं आहे, हे पालक बघतात हो." आणि हसल्या. रेकॉर्डर बंद झाल्यावर मात्र बराच वेळ डोळे पुसत राहिल्या.

पुस्तकात प्राध्यापिकेने नाव बदललं, गाव बदललं. वाक्य तेवढं जसंच्या तसं ठेवलं. अध्यक्ष ते बोलले तेव्हा खोलीत ते आणि बाई दोघंच होते, हे तिला ठाऊक होतं. वगळावं असं दोनदा मनात आलं, पण इतकं बोलकं वाक्य हातचं सोडवेना.

पुस्तक गाजलं. त्याच वर्षी मुख्याध्यापकाचं पद भरायला निघालं. प्रभारी बाई नवे बूट घालून मुलाखतीला गेल्या. अध्यक्षांनी एकच विचारलं, "संस्थेतल्या गोष्टी संस्थेतच राहाव्यात, याबद्दल आपलं काय मत?"

बाई काय ते समजल्या. पद त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला मिळालं.

प्राध्यापिकेला हे दोन महिन्यांनी कळलं. ती तडक शाळेत गेली. बाई शिक्षकांच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी वह्या तपासत होत्या.

"ताई, माझ्यामुळे झालं हे."

"हो, तुझ्यामुळेच." लाल पेन थांबलं नाही. "उगाच खोटं कशाला बोलू?"

"मी तक्रार करते. तुमचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

"म्हणजे पुन्हा माझाच आवाज चारचौघांत? नको गं. दीड वर्ष राहिलंय, सुखाने जाऊ दे मला." त्यांनी पान उलटलं. "तुला बढती मिळाली म्हणे?"

प्राध्यापिकेची मान खाली गेली. "मिळाली."

"बरं झालं. कुणाला तरी मिळाली."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या आवृत्तीतून ते वाक्य काढा, असं तिने प्रकाशकाला सांगितलं. "अहो, लोक त्याच वाक्यासाठी पुस्तक घेतात," तो म्हणाला. ती भांडली, तेव्हा कुठे निघालं.

दीड वर्षाने बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाचं बोलावणं प्राध्यापिकेला आलं नाही. मी काही वाट बघत नव्हते, असं ती नवऱ्याला म्हणाली खरी. पण आठवडाभर ती टपालाची पेटी दिवसातून दोनदा उघडत होती.